आकाश सर्वांचे, धरण ज्याचे त्याचे: पुराच्या मोफत इशारासेवांचे कोल्हापुरातून परीक्षण

पंचगंगेला पूर येणार की नाही, आणि आला तर कुठवर येणार, हे आधी कळावे यासाठी कोल्हापूरकराच्या हाती आज निदान चार मोफत सेवा आहेत: गूगलचे फ्लड हब, युरोपीय संघाच्या कोपर्निकस कार्यक्रमातील ग्लोफास, केंद्रीय जल आयोगाचे फ्लडवॉच इंडिया आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे सचेत. या चारही सेवांच्या आधीपासून चालत आलेली पाचवी सेवा म्हणजे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळी फूट आणि इंचांत सांगणारे जिल्हा प्रशासनाचे पूरपत्रक. परीक्षणाची कसोटी मी साधी ठेवली आहे. प्रयाग चिखलीतील गोठेवाल्याने म्हशी कधी हलवाव्यात, शाहूपुरीतील दुकानदाराने तळघरातील माल कधी वर काढावा आणि शिरोळच्या शेतकऱ्याने नदीकाठची मोटर कधी उचलावी, या तीन निर्णयांना जी सेवा वेळेवर आणि समजेल अशा रीतीने मदत करील ती चांगली.

सर्वांत जास्त चर्चा फ्लड हबची होते, म्हणून तेथून सुरुवात करतो. गूगलने पुराच्या इशाऱ्यांचा पहिला प्रयोग २०१८ मध्ये पाटण्यात, केंद्रीय जल आयोगाच्या सहकार्याने केला. आता ही सेवा जगातील अनेक देशांत पसरली आहे. नकाशा उघडला की नद्यांवर रंगीत खुणा दिसतात आणि खुणेवर बोट ठेवले की पुढील सात दिवसांचा आलेख समोर येतो. मांडणी स्वच्छ आहे, नोंदणीची कटकट नाही, साध्या फोनवरही पान चटकन उघडते. या सेवेमागील संशोधन मार्च २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ५,६८० जलमापन केंद्रांच्या नोंदींवर शिकवलेले हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रारूप, ज्या नद्यांवर मोजमापाची सोयच नाही अशा नद्यांचाही अंदाज देते, आणि तेथे त्याचा पाच दिवस आधीचा अंदाज हा तोवरच्या प्रमुख जागतिक प्रणालीच्या त्याच दिवशीच्या अंदाजाच्या तोडीचा ठरतो, असा त्या निबंधाचा निष्कर्ष होता. आफ्रिकेतील किंवा आशियातील ज्या खोऱ्यांत एकही जलमापन केंद्र नाही, तेथील लोकांसाठी ही मोठीच गोष्ट आहे, आणि तिचे श्रेय गूगलच्या अभियंत्यांना मोकळ्या मनाने द्यायला हवे.

मात्र या सेवेवर कंपनीचे नाव असले तरी तिचा कच्चा माल कंपनीचा नाही. पावसाचा अंदाज येतो तो प्रामुख्याने इंग्लंडमधील रीडिंग येथे मुख्यालय असलेल्या युरोपीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राकडून, म्हणजे अनेक देशांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेकडून. पडलेल्या पावसाचे उपग्रहीय मापन येते ते नासा आणि जपानची जाक्सा यांनी २०१४ मध्ये मिळून सोडलेल्या उपग्रहाभोवती उभ्या राहिलेल्या समूहातून. त्या समूहात भारत आणि फ्रान्स यांच्या मेघा-ट्रॉपिक्स या उपग्रहाचाही वाटा होता. प्रारूपाला शिकवण्यासाठी लागलेल्या नदीप्रवाहाच्या जुन्या नोंदी आल्या त्या जर्मनीतील कोब्लेंझ येथील जागतिक जलप्रवाह माहिती केंद्रातून, जे जागतिक हवामान संघटनेच्या छत्राखाली १९८८ पासून काम करते. सुतारवाड्यातील एखादा माणूस फोनवर जी लाल खूण पाहतो, तिच्यामागे इतक्या देशांच्या करदात्यांचा पैसा उभा आहे. गूगलने त्यावर गणित बसवले आणि दर्शनी भाग सुरेख केला.

आकाशाच्या माहितीची ही देवाणघेवाण आपोआप जमलेली नाही. जागतिक हवामान संघटनेचा करार १९५० मध्ये अमलात आला आणि जागतिक हवामान निरीक्षण योजना सुरू झाली ती १९६३ मध्ये, म्हणजे अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसले होते त्या काळात. वारा आणि ढग सीमा ओळखत नाहीत हे दोघांनाही मान्य करावे लागले, कारण शेजाऱ्याच्या निरीक्षणांवाचून स्वतःचाही अंदाज करता येत नव्हता. ऑक्टोबर २०२१ मध्ये संघटनेने माहितीच्या आदानप्रदानाचे एकत्रित धोरण स्वीकारले आणि हवामानाची मूलभूत निरीक्षणे मोफत व विनाअट देणे सदस्य देशांवर बंधनकारक केले. कोल्हापूरच्या पावसाचा सात दिवसांचा अंदाज आज मिळतो त्याचे मूळ या कागदांत आहे. पर्यावरण आणि तंत्रज्ञान दोन्ही बाजूंनी उलथापालथ होत असताना आंतरराष्ट्रीय सहकार्याची फेरमांडणी कशी करावी यावर परिषदांमधून बरेच बोलले जाते. माझ्या मते हे सहकार्य जेथे रोज तासातासाला चालते आणि जेथे ते अडते, त्या दोन्ही जागा पंचगंगेच्या पुरात एकाच वेळी पाहायला मिळतात.

अडते ते जमिनीवर. पंचगंगेचे खोरे लहान आहे, सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या सह्याद्रीच्या कड्यावरून उतरतात आणि प्रयागाजवळ एकत्र येतात. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातील शिरोळमध्ये तो पाच-सहाशे मिलिमीटरच्या घरात राहतो. जागतिक प्रारूप पृथ्वीचे नऊ किलोमीटरचे चौकोन पाडून हिशेब करते; इतका तीव्र उतार आणि पावसातील इतका फरक पकडायला ते चौकोन अपुरे पडतात. भारतीय हवामान खात्याने मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या चौकोनांची भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू केली, ते पाऊल या दृष्टीने योग्यच होते. घाटमाथ्याचा पाऊस अचूक पकडायला तेही पुरेल असे नाही.

त्यातही मोठी अडचण धरणांची आहे. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, आणि पाणी ठरावीक उंचीवर आले की ते आपोआप उघडतात. एका दरवाज्यातून सुमारे १,४२८ क्युसेक (घनफूट प्रति सेकंद) विसर्ग होतो. ‘राधानगरीचे दोन दरवाजे उघडले’ ही बातमी आली की चिखली-आंबेवाडीत लगबग सुरू होते, कारण त्या वाक्याचा अर्थ तेथील लहान मुलालाही कळतो. जागतिक प्रारूपे पावसावरून प्रवाह काढतात. कोणत्या धरणाचा कोणता दरवाजा किती वाजता किती उचलला, ही ताजी माहिती त्यांच्याकडे नियमितपणे पोहोचण्याची व्यवस्था नाही. धरणाने नियंत्रित केलेल्या नदीवर अशा प्रारूपाचा भरवसा कमी होतो, हे या क्षेत्रातील लोक उघडपणे मान्य करतात. कोल्हापूरच्या वरच्या अंगाला राधानगरी, तुळशी, कासारी आणि कुंभी ही चारही धरणे असताना हा दोष किरकोळ म्हणता येत नाही.

फुगवट्याचा प्रश्न याहून किचकट आहे. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असेल तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते. म्हणून नदीतून वाहणारा प्रवाह तेवढाच असला तरी राजाराम बंधाऱ्यावरील पातळी एका वर्षी एक आणि दुसऱ्या वर्षी दुसरीच असू शकते. फ्लड हबच्या ज्या खुणांवर प्रत्यक्ष मोजमाप जोडलेले नाही, तेथे आलेख पातळीचा नसतो, प्रवाहाचा असतो आणि तो घनमीटर प्रति सेकंद या एककात असतो. आमचे पाटबंधारे खाते विसर्ग क्युसेकमध्ये सांगते, म्हणजे राधानगरीचा एक दरवाजा हा आलेखावर सुमारे चाळीस घनमीटर होतो. गावकऱ्याच्या डोक्यात मात्र फक्त दोन आकडे असतात: राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका. आलेखावरच्या पाच किंवा वीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषा या दोन आकड्यांशी कशा जुळवायच्या, ते कोणीही सांगत नाही. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला आणि शहर वेढले गेले. या दोन वर्षांच्या खुणा घरोघरीच्या भिंतींवर आहेत, आणि एखाद्या सेवेने ‘यंदाचे पाणी त्या खुणेच्या किती खाली राहील’ एवढेच सांगितले तरी तिचे काम झाले असे मी मानीन.

या जागी अलमट्टीचा, म्हणजे कृष्णेवरील कर्नाटकातल्या धरणाचा, विषय टाळता येत नाही. कोल्हापूर-सांगलीच्या पुराला अलमट्टीचा फुगवटा कारणीभूत आहे की नाही, यावर येथे प्रत्येकाचे ठाम मत असते. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला पुराचे कारण मानले नाही, आणि तरीही लोकांचे समाधान झाले नाही. धरणाची पूर्ण संचय पातळी आज ५१९.६० मीटर आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास दिलेली मुभा आणि तिला महाराष्ट्राचा विरोध हा वाद अद्याप मिटलेला नाही. त्या वादात मी येथे शिरत नाही. मला फक्त पद्धत दाखवायची आहे. २०१९ मध्ये अलमट्टीचा विसर्ग पाच लाख क्युसेकपर्यंत वाढवण्यासाठी दोन राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना एकमेकांशी बोलावे लागले. एकाच देशातील, एकाच राज्यघटनेखालील दोन राज्यांमध्ये पाणी सोडण्याचे वेळापत्रक जर फोनवर आणि सद्भावनेवर चालत असेल, तर दोन देशांमध्ये ते कसे चालत असेल याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

तेथील चित्र खरोखरच वाईट आहे. ब्रह्मपुत्रेच्या पाण्याची पावसाळी माहिती भारताला देण्याचा चीनचा करार होता, आणि २०१७ मध्ये डोकलामचा तणाव असताना ती माहिती आली नाही. सिंधू जल करार भारताने एप्रिल २०२५ मध्ये स्थगित ठेवला; त्यानंतर ऑगस्टमध्ये तवी नदीच्या पुराचा इशारा पाकिस्तानला दिला गेला तो कराराच्या यंत्रणेतून नव्हे, उच्चायुक्तालयामार्फत आणि मानवतेच्या भूमिकेतून. दिला हे चांगलेच केले. पण जी गोष्ट भांडणाच्या काळात मानवतेवर अवलंबून राहते, तिला व्यवस्था म्हणता येत नाही. हवामानाच्या माहितीबाबत जागतिक हवामान संघटनेचे नियम कडक आहेत. नद्यांच्या माहितीबाबत १९९९ चा जो ठराव होता, तो त्या मानाने बराच सैल होता. ढगात देशाला आपली मालकी दिसत नाही, साठवलेल्या पाण्यात दिसते, हे त्यामागचे कारण असावे. सुदैवाने कृष्णा खोऱ्याची जलविषयक माहिती भारतात गोपनीय वर्गात येत नाही. ते बंधन सिंधू आणि गंगा-ब्रह्मपुत्रा खोऱ्यांना आहे. त्यामुळे पंचगंगेवरील धरणांचा ताजा विसर्ग जगातील कोणत्याही संगणकाला वाचता येईल अशा रूपात खुला करण्यात कायद्याची आडकाठी मला दिसत नाही. अडते ते केवळ सवयीपाशी.

ग्लोफासविषयी थोडक्यात सांगतो. कोपर्निकसची ही सेवा २०१८ पासून नियमित चालू आहे आणि तीस दिवसांपर्यंतचा अंदाज देते. जाणकार अभियंत्याला, पत्रकाराला किंवा महाविद्यालयातील शिक्षकाला ती आवडेल, कारण तिच्यात एकच आकडा देण्याऐवजी अनेक शक्यतांचा पट्टा दाखवला जातो आणि अनिश्चितता लपवली जात नाही. सामान्य वाचकाला मात्र तिचे पान म्हणजे जंगल आहे. युरोपच्या करदात्यांनी पंचगंगेसाठी एवढे करावे आणि तेही फुकट, याचे मला कौतुक वाटते; चिखलीच्या गोठेवाल्याला तिचा थेट उपयोग नाही.

फ्लडवॉच इंडिया ऑगस्ट २०२३ मध्ये आले आणि वर्षभराने त्याची दुसरी आवृत्ती निघाली. येथे केंद्रीय जल आयोगाच्या स्वतःच्या केंद्रांवरील प्रत्यक्ष मोजमाप मिळते आणि चोवीस तासांपर्यंतचा पातळीचा अंदाजही मिळतो, म्हणून शेवटच्या दिवशी मी फ्लड हबपेक्षा याच्यावर अधिक विसंबतो. पण ते सुरू झाले ते इंग्रजी आणि हिंदीत, आणि पातळी सांगते ती समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये. शिरोळ तालुक्यातील किती शेतकऱ्यांना आपले शेत समुद्रसपाटीपासून किती मीटरवर आहे हे ठाऊक असेल? सचेतचे काम निराळे आहे. ते अंदाज करत नाही, अधिकृत इशारा पोहोचवते. त्यामागील संदेशाचा साचा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मान्य केलेला जागतिक साचा आहे, आणि सी-डॉट या केंद्र सरकारच्या दूरसंचार संशोधन संस्थेने तो भारतात बसवला. २०२३ मध्ये फोन एकाएकी कर्कश वाजले होते ती याच प्रकारच्या यंत्रणेची चाचणी होती. एकच संदेश टॉवरच्या टापूतील सर्व फोनवर, नोंदणीशिवाय आणि भारतीय भाषेत जाऊ शकतो, हे या यंत्रणेचे बळ. संयुक्त राष्ट्रांनी २०२७ अखेरपर्यंत पृथ्वीवरील प्रत्येक माणसाला पूर्वसूचना मिळावी असे उद्दिष्ट २०२२ मध्ये जाहीर केले आणि पाच वर्षांसाठी ३.१ अब्ज डॉलरचा आराखडा मांडला. त्या आराखड्याचा शेवटचा टप्पा, म्हणजे इशारा माणसाच्या कानावर पडणे, भारताने तंत्रज्ञानाच्या अंगाने बराचसा गाठला आहे.

येथे एक जुनी गोष्ट नोंदवावीशी वाटते, कारण ती या चर्चेत कोणी काढत नाही. जागतिक बँकेच्या कर्जावर चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाने डेन्मार्कच्या डीएचआय या संस्थेकडून कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी प्रत्यक्ष-वेळेतील प्रवाह अंदाज आणि धरण परिचालन प्रणाली उभी करून घेतली होती. म्हणजे कर्ज वॉशिंग्टनचे, प्रारूप डेन्मार्कचे, पर्जन्यमापक आपल्या डोंगरांवर आणि निर्णय आपल्या अभियंत्यांचे. सहकार्याचा हा प्रकार मला फुकटच्या अॅपपेक्षा सरस वाटतो, कारण त्यात धरण आणि नदी दोन्ही एकाच गणितात येतात आणि चूक झाली तर जाब विचारायला आपलेच खाते असते. त्याचे निष्कर्ष लोकांपुढे सोप्या रूपात यायला हवेत, आणि मराठीत यायला हवेत. आता कोल्हापूर-सांगलीच्या पूरनियंत्रणासाठी जागतिक बँकेचे नवे कर्ज आले आहे. त्यातील काही भाग सिमेंटऐवजी या कामावर खर्च झाला तर बरे.

जाब विचारण्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फ्लड हब आणि त्यासारख्या सेवांचा विस्तार होत राहील, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेची हवामान प्रारूपे आता सरकारी संस्थांच्या दारातही आली आहेत. युरोपीय केंद्राने स्वतःचे असे प्रारूप फेब्रुवारी २०२५ मध्ये नियमित वापरात आणले. पण अशी बहुतेक प्रारूपे शिकली आहेत ती ज्या निरीक्षणांवर आणि ज्या जुन्या नोंदींवर, त्या सार्वजनिक पैशातून जमल्या. निरीक्षणे आटली तर प्रारूपही कालांतराने बिघडेल. २०२५ मध्ये अमेरिकेत हवामान संस्थेची नोकरकपात झाली आणि काही ठिकाणी हवामान फुग्यांची उड्डाणे कमी करावी लागली. त्याच वर्षी जानेवारीत त्या देशाने पॅरिस करारातून पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश काढला. एका देशाच्या अंदाजपत्रकातील कात्री गगनबावड्यावरच्या ढगांच्या अंदाजापर्यंत पोहोचू शकते, हे लक्षात घेतले की सहकार्य हा परराष्ट्र खात्याचा शोभेचा विषय राहत नाही. दुसरीकडे, निसार हा नासा आणि इस्रोचा रडार उपग्रह जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून सुटला, आणि ढगांआडूनही पुराचे पाणी कुठवर पसरले ते पाहण्याची नवी सोय झाली. म्हणजे राजकारण बिघडलेले असतानाही जुने करार काम करत राहतात. मोफत सेवेचा नागरिकाशी मात्र कोणताही करार नसतो. ती चुकली तर भरपाई नाही, बंद पडली तर तक्रार नाही.

हे सारे ध्यानात घेऊन माझे मत असे आहे. फ्लड हबला पाचपैकी साडेतीन गुण. जून ते सप्टेंबर या काळात पाच-सात दिवस आधी पाणी चढणीला लागणार की उतरणीला, एवढे पाहण्यासाठी ते जरूर वापरावे. दुकानदाराला माल वर काढण्यासाठी आणि कारखान्याला ऊस वाहतुकीचे रस्ते व यंत्रे सांभाळण्यासाठी तेवढी मुदत पुरते. फ्लडवॉचला तीन, पातळी फुटांत आणि मजकूर मराठीत आला त्या दिवशी मी चार देईन. ग्लोफासला अभ्यासकांसाठी चार. सचेतला गुण देत नाही, ते फोनवर असलेच पाहिजे. आणि म्हशी हलवण्याचा निर्णय मात्र राजाराम बंधाऱ्याची पातळी, राधानगरीचे दरवाजे आणि नृसिंहवाडीला कृष्णेची चढउतार या तिन्ही गोष्टी जिल्ह्याच्या पूरपत्रकात पाहूनच घ्यावा. पाणी ३५ फुटांच्या पुढे असताना यांतील दोन गोष्टी वाढत्या दिसल्या तर ३९ ची वाट पाहू नये.